पाहुणे सात आणि आम्ही

सारंगने तिसरा घास थुंकला तेव्हा दारात खालच्या मजल्यावरच्या चतुराबाई उभ्या होत्या, आणि पल्लवीला घास थुंकल्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"माय, असं मांडीवर आडवं घेऊन नसतं भरवत लेकराला," चतुराबाई म्हणाल्या. "भिंतीला टेकवून बसव. आन् खिचडीत जराशी इलायची टाक."

काल नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाच्या बायकोने, अनुराधाने, सांगितलं होतं, बाळाला कधीच टेकवून बसवायचं नाही. अनुराधाकडे अमेरिकेतून आलेलं पुस्तक होतं. परवा दूधवाल्याने सांगितलं होतं, खिचडी बंद करा आणि रागी सुरू करा. मलकपेठच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मूल चांगलं आहे, तुम्हीच जरा झोपा. यातला शेवटचा सल्ला पल्लवीला पटला होता, पण तो अमलात आणायला जागा नव्हती. दिलसुखनगरच्या त्या तीन मजली इमारतीत दारं फक्त झोपताना लावायची पद्धत होती. दिवसा दार लावलं तर लोक बेल वाजवून विचारायचे, तब्येत बरी आहे ना.

सारंग चौदा महिन्यांचा होता. तो दिवसाला साधारण अकरा घास खायचा आणि त्यातले चार परत द्यायचा. पल्लवी हे एका वहीत लिहून ठेवायची. एम.एस्सी.ला तिने बुरशीच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या होत्या. बुरशी बरी होती. तिच्या वाढीबद्दल जिन्यात कोणी बोलत नसे.

त्या संध्याकाळी प्रमोद कंपनीतून आला तो बूट न काढताच बोलायला लागला. त्याचे साहेब नुकतेच सहा महिने अमेरिकेत राहून आले होते. त्या वर्षी निम्मी कंपनी अमेरिकेला जाऊन येत होती आणि उरलेली निम्मी त्यांचे फोटो बघत होती.

"तिकडे काय करतात माहितीये? जंगलखात्याच्या रेंजरच्या जुन्या केबिन असतात, शंभर-शंभर वर्षांच्या, लाकडी. त्या सुट्टीत भाड्याने घेतात. दोन खाटा, एक चूल. फोन नाही, टीव्ही नाही. शेजारी नाही."

पल्लवीने वाटी खाली ठेवली. "शेजारी किती लांब?"

"साहेब गेले होते तिथे चौदा मैल."

चौदा मैल. तिने मनातल्या मनात दिलसुखनगरपासून चौदा मैल मोजले तर पार शहराबाहेर शेतात पोचायला झालं. "आपल्याकडे मिळतं असं काही?" तिने विचारलं. "आपण दोघं आणि सारंग. दोन दिवस. मला फक्त दोन दिवस कोणी काही सांगायला नको आहे, प्रमोद. मी त्याला उलटा टांगून भरवलं तरी कोणी बघायला नको."

प्रमोदला बायकोची दया आली. तो लगेच चौकशीला निघाला आणि इथेच चूक झाली, कारण चौकशी त्याने जिन्यात केली.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर वेताच्या खुर्चीत एकनाथराव बसलेले असत. चतुराबाईंचे यजमान. मूळचे नांदेडकडचे, पण बाप निजामाच्या काळात हैदराबादला आला तेव्हापासून इथलेच. जंगलखात्यात बत्तीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले.

"रेंजरचा बंगला पाहिजे?" एकनाथराव म्हणाले. "नक्को फिकीर करू. चिन्नवागूचा बंगला आहे ना. निर्मलच्या पुढं, ऐन जंगलात. निजामाच्या जमान्यात रेंजरसाहेबासाठी सागवानाचा बांधलेला. ऐंशी वर्षं झाली, फळी हलली नाही. माझ्या नावानं चिठ्ठी गेली की परमिट आलंच समजा."

"शेजारी?" प्रमोदने विचारलं.

"शेजारी कायचे? अस्वलं आहेत."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग एकनाथराव म्हणाले, "दोन हॉल, आठ पलंग. परमिट मात्र एकच. देतात तर पूरा बंगला देतात."

प्रमोद घरी आला. जेवताना त्याने दोनदा उसासा टाकला. शेवटी म्हणाला, "आठ पलंग, पल्लू. आपण वापरणार दोन. सहा रिकामे पडणार."

"पडू देत."

"पडू देत काय? पूर्ण बंगल्याचं परमिट आहे."

प्रमोद देवस्थळीचं लहानपण पुण्यात दोन खोल्यांत सात माणसांत गेलं होतं. रिकामा पलंग दिसला की त्याला आपल्या हातून कोणावर तरी अन्याय होतोय असं वाटायचं. पल्लवीला हे माहीत होतं. सारंगचा पाळणासुद्धा दिवसा रिकामा राहू नये म्हणून तो त्यात वाळलेले कपडे ठेवायचा. तरी तिला वाटलं, पलंगांचं दुःख हा माणूस मनातल्या मनात गिळेल.

पण दुसऱ्या दिवशी तो एकनाथरावांचे आभार मानायला गेला. आभार मानताना काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला, "तुम्हीही चला ना." पुण्यात अशा आमंत्रणाला 'बघू' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. प्रमोदला हैदराबादेत येऊन तीन वर्षं झाली होती, पण हा फरक त्याच्या लक्षात आला नव्हता.

"हौ, चलतो की," एकनाथराव म्हणाले आणि आत वळून ओरडले, "ऐकूलालीस का? जंगलात जायचंय. पापड घे."

चतुराबाई यायच्या म्हटल्यावर मलकपेठहून त्यांचे भाऊ हणमंतराव यायचे, कारण त्यांना सांगितलं नाही तर वाईट वाटलं असतं. ते कुठेही जाताना उशी बरोबर नेत. कंपनीतल्या अविनाशने परमिटची झेरॉक्स पाहिली. त्याची बायको म्हणजे पुस्तकवाली अनुराधा, आणि अनुराधाची आई नेमकी त्याच आठवड्यात नागपूरहून आलेली, तिला एकटीला घरी कसं ठेवायचं? सहा झाले. सातवी जागा आत्यांनी भरली. पल्लवीने पुण्याला पत्रात सहज लिहिलं होतं की सारंग नीट खात नाही. प्रमोदच्या पद्मावती आत्या ते पत्र घेऊनच गाडीत बसल्या आणि तीन प्रकारचं सत्त्व घेऊन उतरल्या.

"आपण दोघंच जाणार होतो," पल्लवी म्हणाली.

"अगं, दोघंच आहोत," प्रमोद म्हणाला. "बाकीचे फक्त आपल्याबरोबर आहेत."

अर्ज भरायला एकनाथराव वर आले. त्यांचं अक्षर असं होतं की साधं नावसुद्धा सरकारी वाटायचं. प्रमोद सांगत गेला, ते लिहीत गेले. आधी वडीलधारे, मग बायका, मग तरुण मंडळी. प्रत्येक नावाला प्रमोद एकेक बोट मिटत होता.

"पाहुणे सात," तो म्हणाला. "आणि आम्ही. आठ."

"आठ," एकनाथराव म्हणाले आणि आठव्या ओळीत 'प्रमोद देवस्थळी' लिहिलं. खाली रेघ मारली, तारीख घातली, टिपकागदाने टिपलं. पाहुणे डोकी मोजून मोजले होते आणि घरचे घर म्हणून मोजले होते. हे तिथे बसलेल्या कोणालाच चुकीचं वाटलं नाही. पल्लवी त्या वेळी चहा गाळत होती.

डिसेंबरच्या एका शुक्रवारी पहाटे मॅटाडोर निघाली. पल्लवीच्या पिशवीत उकळलेल्या पाण्याचा कॅन, थर्मामीटर, ताप, उलटी आणि जुलाब यांची वेगवेगळी औषधं, साप चावल्यास काय करावे याचं वर्तमानपत्रातलं कात्रण आणि वही होती. बाकीच्यांकडे स्टोव्ह, पत्ते, पापड, लोणची आणि मतं होती. निझामाबाद येईपर्यंत सारंग आठ मांड्यांवरून फिरून आला. प्रत्येक मांडीवर त्याच्या तोंडात काहीतरी घालायचा प्रयत्न झाला आणि प्रत्येक मांडीवर त्याने तो हाणून पाडला.

"दात येतायत," आत्या म्हणाल्या.

"दृष्ट आहे माय," चतुराबाई म्हणाल्या.

"पुस्तकात म्हटलंय की दुर्लक्ष करायचं," अनुराधा म्हणाली, आणि सगळ्या जणी त्याच्याकडे दुर्लक्ष करून बघत राहिल्या.

पल्लवी खिडकीबाहेर बघत होती. झाडं दाट होत चालली होती आणि तिला एकच विचार येत होता: आपण जिना बरोबर घेऊन चाललोय.

बंगला मात्र खरंच सुंदर निघाला. दगडी जोत्यावर उभा, काळसर सागवानी भिंती, उतरती कौलं, पुढे लांब व्हरांडा. पलीकडे ओढा. चाळीस पावलांवर मागच्या बाजूला वेगळा बांधलेला स्वयंपाकघराचा दगडी खण, कारण जुन्या काळी लाकडी बंगल्यात चूल पेटवत नसत. व्हरांड्याच्या पायरीवर खाकी कपड्यांतला पहारेकरी उभा होता. त्याचं नाव यादगिरी. हातात परमिटची प्रत.

एकेक जण मॅटाडोरमधून उतरला तसा यादगिरी मोजत गेला. आधी सोडावॉटरच्या बाटल्या मोजाव्यात तसं, मग बोटाने, मग परमिटवर टिचकी मारत.

"नौ हैं," तो म्हणाला. "कागज पे आठ."

"ते मूल धरू नका," प्रमोद म्हणाला. "पाच वर्षांखालचं आहे."

"बच्चे को छोड़ के नौ, साब."

मग नावं वाचली गेली. एकनाथराव. चतुराबाई. हणमंतराव, जे उशीसकट हजर झाले. आत्या. अनुराधाची आई. अनुराधा. अविनाश. प्रमोद. आणि कडेवर सारंगला घेऊन उभी असलेली एक बाई, जिचं नाव कुठेच नव्हतं.

"ही माझी बायको," प्रमोद म्हणाला.

"होंगी साब," यादगिरी आदराने म्हणाला. "कागज पे नहीं हैं."

आता एकनाथराव पुढे झाले. बत्तीस वर्षांचा आवाज काढून म्हणाले, "यादगिरी, मुझे पहचाना? हेडऑफिस. एकनाथराव. एक आदमी से क्या होता?"

यादगिरीने त्यांना ओळखलं नाही. पण त्याने त्यांना हाताला धरून व्हरांड्यात नेलं. तिथे भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं परिपत्रक लावलेलं होतं. बंगल्यात कोणत्याही वेळी आठांहून अधिक प्रौढ व्यक्ती असता कामा नयेत, कारण कोणतेही असो, अपवाद नाही. खाली वनाधिकाऱ्यांची सही, आणि अगदी कोपऱ्यात, मसुदा तयार करणाऱ्याची लहानशी आद्याक्षरं.

एकनाथरावांनी चष्मा पुसला. आद्याक्षरं त्यांची होती.

"एका कंत्राटदारानं इथं लग्नाचं वऱ्हाड उतरवलं होतं," ते हळूच म्हणाले. "जमीन खचली होती. तेव्हा साहेब म्हणाले, एकनाथ, असं लिही की कोणाला पळवाट मिळायची नाही." त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "काय लिहिलंय. कुठंच फट नाही."

"काका, तुमचंच लिहिलेलं आहे, तुम्हीच सांगा ना त्याला," अविनाश म्हणाला.

"मीच लिहिलंय म्हणून तर सांगता येत नाही," एकनाथराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं की अभिमान हे कोणालाही कळलं नाही.

म्हणजे एकाने बाहेर राहायला हवं होतं. यादगिरी म्हणाला, स्वयंपाकघराचा खण मोकळा आहे, परिपत्रकात त्याचं नाव नाही, तिथे खाट टाकून देतो.

मग ते सुरू झालं.

"मी राहते तिकडे," आत्या म्हणाल्या.

"छे छे, तुम्ही कशा? मी राहते," अनुराधाची आई म्हणाली.

"तुम्ही पाहुण्या. मी राहतो, मला काय कुठंबी झोप लागते," हणमंतराव उशी छातीशी धरून म्हणाले.

"अहो, तुम्ही वडील माणसं. मी आणि अनुराधा..." अविनाश म्हणाला आणि अनुराधाने त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

प्रत्येकाने एकेकदा म्हटलं, प्रत्येकाला बाकीच्या सात जणांनी एका सुरात नको म्हटलं. पायरीवर दहा मिनिटं नम्रता चालली होती. कोणीही खरंच जायला तयार नव्हतं आणि कोणीही खरंच पाठवायला तयार नव्हतं. आता फक्त पल्लवीचं म्हणायचं राहिलं होतं. सगळ्यांनी म्हटलं आणि घरच्या सुनेने म्हटलं नाही, हे बरं दिसलं नसतं. तेव्हा तीही म्हणाली, "मी राहीन ना."

आणि ती थांबली, छे छे साठी.

"गुणाची आहे माय," चतुराबाई म्हणाल्या.

"लहान मूल आहे, चुलीजवळ ऊब राहील," आत्या म्हणाल्या.

हणमंतराव तोवर आत जाऊन पलंगावर उशी ठेवून आलेसुद्धा होते.

पल्लवीने प्रमोदकडे पाहिलं. प्रमोद हलक्या आवाजात म्हणाला, "मी आलो असतो गं तुझ्याबरोबर. पण यजमानच बंगल्यात नाही म्हटल्यावर पाहुण्यांना काय वाटेल? आणि माझा पलंग रिकामा राहील तो वेगळाच."

स्वयंपाकघराच्या खणात तीन चुली, छताला टांगलेलं काजळीचं लोंबतं जाळं, एक खिडकी आणि एक खाट होती. पल्लवी खाटेवर बसली. तिने पिशवी उघडून सगळं ओळीने मांडलं आणि मग तिला रडू आलं. नवऱ्याबरोबर दोन दिवस शांत जंगलात राहायला निघालेली बाई, आणि जंगलात पोचून तिला मिळालं ते स्वयंपाकघर. दिलसुखनगरला निदान पंखा होता.

रडून झाल्यावर तिला काहीतरी वेगळं वाटलं. काय वेगळं आहे हे कळायला वेळ लागला. कोणी बोलत नव्हतं. बंगल्यातून अस्पष्ट हसण्याचे आवाज येत होते, पण ते चाळीस पावलांवरचे होते, आणि त्यातलं एकही वाक्य तिच्याबद्दल नव्हतं. ओढा वाहत होता. सारंग जमिनीवर बसून एका लोखंडी उलथन्याशी काहीतरी वाटाघाटी करत होता. यादगिरीच्या बायकोने जाता जाता ज्वारीच्या भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला होता आणि काही न सांगता ती निघून गेली होती.

सारंगने तुकडा उचलला. पल्लवीने श्वास रोखला. मग तिला वाटलं, श्वास रोखलेलाही त्याला कळेल, म्हणून तिने छताकडे बघितलं. खालून चघळण्याचा आवाज आला. एक. दोन. तिने वही काढली नाही. काजळीच्या जाळ्यावर नजर ठेवून ती दगडासारखी बसून राहिली. चौदा महिन्यांत तिला इतकं सुख झालं नव्हतं.

ते सुख पंचवीस मिनिटं टिकलं. मग दारात चतुराबाई आल्या.

"चहा टाकायचा होता माय. बंगल्यात तर स्टोव्ह पेटवू देत नाही तो मुडदा." मग खाली बघून, "अग्गो, भाकर कोरडी काय देतीस लेकराला? दुधात कुस्कर."

सारंगने तोंड मिटलं.

चतुराबाईंना चहात मदत करायला आत्या आल्या. आत्यांना सत्त्व शिजवायचंच होतं. अनुराधाची आई म्हणाली, तिकडे एकटी बसून काय करू, आणि पाट ओढून बसली. अनुराधा दुर्लक्ष करण्याची पद्धत दाखवायला आली. चहा झाल्यावर पुरुष चहा प्यायला आले, आणि चहा पिऊन झाल्यावर इथे ऊब आहे असं त्यांच्या लक्षात आलं. डिसेंबरचा महिना, लाकडी बंगल्यात गारठा, आणि चूल एकाच जागी. त्या रात्री फक्त निजण्यापुरते ते बंगल्यात गेले. शनिवारी सकाळी तोंडं धुऊन सगळे परत आले ते जाजम घेऊन.

दुपारपर्यंत स्वयंपाकघरात जिना पूर्ण वसला होता. कोपऱ्यात पत्ते चालले होते. एकनाथराव खाटेवर बसून परिपत्रकाचा इंग्रजी मसुदा तोंडपाठ म्हणून दाखवत होते. पापड भाजले जात होते. सारंग मध्यभागी होता, भिंतीला टेकवलेला आणि न टेकवलेला, आळीपाळीने. त्याने सकाळपासून दोन घास खाल्ले होते आणि तीन परत दिले होते. हा आकडा नवीन होता.

बंगल्यात एकटा प्रमोद उरला होता. पलंग ओस पडलेले त्याला बघवेनात, म्हणून तो प्रत्येक पलंगावर वीस-वीस मिनिटं पडत होता. सहाव्या पलंगापर्यंत तो नेटाने गेला. मग भज्यांचा वास आला आणि तोही उठून आला.

"काय मस्त वाटतंय ना सगळ्यांबरोबर," तो पल्लवीला म्हणाला. पल्लवी दारात उभी होती, कारण आत तिला जागा नव्हती.

तिने सगळ्यांच्या मांड्या ओलांडत सारंगला उचललं, यादगिरीच्या बायकोने सकाळी आणून ठेवलेल्या भाकरीचे दोन तुकडे घेतले आणि बाहेर पडली.

"कुठं चाललीस?" आत्यांनी विचारलं.

"त्याला जरा फिरवून आणते."

यादगिरी बंगल्याच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. पल्लवीला बघून त्याने विडी विझवली आणि उभा राहिला. कालपासून ही बाई परवानगीवाचून व्हरांड्यातसुद्धा आली नव्हती, याची त्याने मनात नोंद घेतली होती.

"यादगिरी, अंदर कितने लोग हैं?" तिने विचारलं.

तो आत जाऊन बघून आला. कामात तो चोख होता. "कोई नहीं अम्मा."

"कागज पे क्या लिखा है? किसी भी टाइम आठ से ज्यादा नहीं. मैं एक हूँ."

यादगिरी व्हरांड्यात गेला. परिपत्रक त्याला वाचता येत नव्हतं, पण आठचा आकडा कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. त्याने त्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ विचार केला. मग तो बाजूला झाला.

"जाओ अम्मा. कायदे में बैठता है."

बंगल्यातली जमीन गार आणि गुळगुळीत होती. दोन हॉल, आठ पलंग, मोठाल्या खिडक्या, खिडक्यांत उतरतं ऊन. पल्लवीने दार ओढून घेतलं. दिवसाढवळ्या. कोणी बेल वाजवली नाही, बेल नव्हतीच.

अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या बाजूने आवाज जवळ आले. पत्ते संपले होते आणि मंडळी जरा आडवी व्हायला निघाली होती. पायरीपाशी यादगिरीने हात आडवा केला.

"अंदर एक हैं. अब सिर्फ सात जाएंगे."

"अरे पण ती आमचीच आहे," प्रमोद म्हणाला.

"इसलिए तो बोलरा हूँ साब. आप आठ हैं. एक ज्यादा है."

क्षणभर सगळे एकनाथरावांकडे बघत राहिले. एकनाथरावांनी मान डोलावली. "बरोबर आहे त्याचं. कोणतीही वेळ, असं लिहिलंय मी."

"तुम्ही चला आत, मी थांबते," आत्या म्हणाल्या.

"छे छे, तुम्ही कशा थांबणार? मी थांबते," अनुराधाची आई म्हणाली.

"मला काय, मी इथं पायरीवरबी बसंन," हणमंतराव म्हणाले. त्यांची उशी आत होती, त्यामुळे आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

पल्लवी खिडकीच्या फटीतून ऐकत होती. कालच्या आणि आजच्या नम्रतेत एकच फरक होता: आज ती मोडून काढायला घरची सून बाहेर नव्हती. एकाने पाऊल उचललं की बाकीचे म्हणत, हो हो, तुम्ही व्हा पुढे, आणि ते ऐकून तो पाऊल मागे घेई. दुसऱ्याला बाहेर ठेवून आपण आत गेलो, हे आयुष्यभर ऐकून घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती. ऊन व्हरांड्यावरून खाली उतरलं तरी पायरीवर आठ माणसं तशीच होती. शेवटी चतुराबाई म्हणाल्या, आपण सगळेच तिकडे बसू, एकाला वाईट नको वाटायला. जाजम पुन्हा चाळीस पावलं मागे गेलं.

प्रमोद तेवढा रेंगाळला. खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "पल्लू, मी एकटा आत येऊ शकतो. दोघंच. तुला हवं होतं तसं."

"ये ना," ती म्हणाली. खरंच म्हणाली. तिचा हात कडीवर गेलासुद्धा.

प्रमोदने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून सात पाहुणे त्याच्याकडे बघत होते. एकनाथरावांनी हात हलवून 'जा, जा, आमची फिकीर नक्को' अशी खूण केली.

त्या खुणेनंतर आत जाणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

"जरा त्यांच्याबरोबर बसून येतो," प्रमोद म्हणाला.

पल्लवीने कडीवरचा हात काढला. चाळीस पावलं चालत जाणारी त्याची पाठ ती बघत राहिली. त्याने एकदा मागे वळून हात केला, तिनेही केला, स्टेशनावर करतात तसा. मग ती खिडकीपासून आत आली. सारंग चौथ्या पलंगाखाली बसला होता आणि भाकरीचा दुसरा तुकडा त्याच्या हातात जवळजवळ संपत आला होता. पल्लवी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली, आणि सागवानाच्या फळ्या मोजू लागली.